मुरूम, सिमेंट आणि टिकणं: रामकिंकर बैज यांच्या शिल्पांबद्दल

काँक्रीट किती वर्षं टिकतं, हा प्रश्न मला नातेवाइकांकडून हमखास येतो. पीएचडीचा विषय ‘काँक्रीटमधल्या सळईचं गंजणं’ आहे म्हटल्यावर दुसरं विचारणार तरी काय! माझं उत्तर ठरलेलं आहे. काँक्रीट किती टिकेल हे जेवढं मालावर अवलंबून असतं, तेवढंच त्याच्याकडे पुढे कोण लक्ष देतंय यावर. मागच्या दोन लेखांत आपण हे पूल आणि इमारतींच्या बाबतीत पाहिलं. आज स्लॅब-बीम बाजूला ठेवूया. हाच माल वापरून ज्याने शिल्पं उभी केली आणि आपल्या देशात शिल्पकलेची दिशाच बदलली, अशा माणसाबद्दल लिहायचंय.

रामकिंकर बैज (१९०६–१९८०). शांतिनिकेतनच्या आवारात उघड्यावर उभी असलेली त्यांची ‘संथाळ कुटुंब’, ‘सुजाता’ आणि ‘गिरणीचा भोंगा’ ही शिल्पं तुम्ही निदान फोटोत पाहिली असतील. त्यांच्यावर लिहिलेलं वाचताना दोन विधानं पुन्हा पुन्हा भेटतात. पहिलं असं, की भारतातली आधुनिक शिल्पकला त्यांच्यापासून सुरू झाली. दुसरं असं, की हा कलंदर माणूस होता, आपलं काम टिकावं की नाही याची त्याला फिकीरच नव्हती. पहिलं विधान मला मान्य आहे. दुसऱ्याशी माझं भांडण आहे, आणि हा लेख त्या भांडणाबद्दलच आहे. कारण कलाकाराला फिकीर नव्हती असं एकदा म्हटलं, की मग आपणही फिकीर करायचं कारण उरत नाही.

माणूस आणि त्याचा माल

थोडक्यात पार्श्वभूमी. जन्म बंगालमधल्या बांकुऱ्याचा. घरची गरिबी. शिक्षणाची धड सोय नाही, पण हात चित्रावर बसलेला. असहकाराच्या चळवळीच्या काळात हा मुलगा पुढाऱ्यांची चित्रं रंगवत असे. ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी मूळचे बांकुऱ्याचेच. त्यांनी हा मुलगा हेरला आणि १९२५ मध्ये तो शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोसांकडे पोचला. पुढचं सगळं आयुष्य तिथेच गेलं. आधी विद्यार्थी, मग शिक्षक, मग शिल्पकला विभागाचे प्रमुख. १९७० मध्ये पद्मभूषण.

आता १९३० च्या दशकात शिल्पकाराकडे पर्याय काय होते ते बघा. ब्राँझ हवं तर ओतकामाची भट्टी, धातू आणि या सगळ्याचा खर्च उचलणारा कोणीतरी संस्थानिक किंवा सरकार हवं. संगमरवर हवा तर तो लांबून आणायला हवा. प्लास्टर स्वस्त, पण ते मुळात जिप्सम. जिप्सम पाण्यात थोडंथोडं विरघळतं, त्यामुळे बंगालच्या पावसात उघड्यावर त्याचा निभाव लागणं शक्य नाही. माती तर त्याहून लवकर जाते.

उरलं सिमेंट. भारतात ते तसं नवीनच होतं. पोरबंदरच्या कारखान्यातून उत्पादन सुरू झालं १९१४ मध्ये, आणि अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी तयार झाली १९३६ मध्ये. म्हणजे रामकिंकर ज्या काळात सिमेंटमध्ये हात घालत होते, तेव्हा ते बांधकामाचं आधुनिक सामान होतं, ‘कलेचं माध्यम’ नव्हतं. त्यात त्यांनी मिसळली बीरभूमची लाल माती, म्हणजे तिथल्या मुरमाचे खडे. शास्त्रीय भाषेत लॅटेराइट. आपल्या कोकणातला जांभा तो हाच. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असलेला, सच्छिद्र, लाल-तपकिरी.

हा निवड करण्याचा क्रम नीट बघितला, तर ‘फिकीर नव्हती’ हे विधान तिथेच ढासळायला लागतं. ज्याला काम टिकण्याशी देणंघेणं नाही, तो मातीत काम करेल आणि मोकळा होईल. रामकिंकरांनी खिशाला परवडणाऱ्या मालांपैकी पावसात उभा राहू शकेल असा एकमेव माल उचलला. टिकण्याची इच्छा होती. टिकवण्याची ऐपत फक्त एका सिमेंटच्या पोत्याइतकी होती.

कावडीचा तोल

‘संथाळ कुटुंब’ १९३८ चं. एक संथाळ कुटुंब बिऱ्हाड उचलून निघालंय. पुरुषाच्या खांद्यावर कावड. कावडीच्या एका टोपलीत मूल, दुसरीकडे संसार. शेजारी बाई, डोक्यावर ओझं, कडेवर तान्हं. सोबत कुत्रा. आकृत्या माणसापेक्षा मोठ्या, पण त्यांना उंच चौथरा नाही. कुठल्या वीराला किंवा गव्हर्नरला उभं करावं तसं हे कुटुंब वर चढवून ठेवलेलं नाही. आपण ज्या जमिनीवर उभे असतो जवळजवळ त्याच जमिनीवरून ते चालतंय.

त्या काळात आपल्याकडे सार्वजनिक पुतळा कोणाचा व्हायचा? राजाचा, राणीचा, साहेबाचा, दात्याचा. मजुरासाठी निघालेलं एक निनावी कुटुंब पुतळ्याच्या आकाराचं करणं हीच मोठी उलथापालथ होती. पण नुसत्या विषयामुळे शिल्प मोठं होत नाही. गरिबांचे पुतळे पुढे पुष्कळ झाले, त्यातले बरेच भावुक आणि पोकळ आहेत. ‘संथाळ कुटुंब’ तसं नाही, याची मला दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण तोल. कावडीचं गणित साधं आहे. एका बाजूला जेवढं वजन, तेवढंच दुसऱ्या बाजूला हवं. इथे एका पारड्यात पोर आहे आणि दुसऱ्यात घरातलं सामान. या कुटुंबाच्या मालकीचं जगात जे काही आहे त्याचं वजन एका मुलाइतकं भरतं, हे वाक्य शिल्प न बोलता सांगून टाकतं. यात दया दाखवलेली नाही. चेहरे रडवे नाहीत. सगळं लक्ष चालण्यात आहे. चालणाऱ्या माणसाची पाठ, खांदा आणि पाय यांच्यावर ओझं कसं वाटलं जातं हे ज्याने रोज पाहिलंय, त्याचंच हे काम.

दुसरं कारण त्वचा. रामकिंकर आधी लोखंडी सांगाडा उभा करत, त्यावर सिमेंट-वाळू-मुरमाचा ओला माल हाताने फेकत, थापत, आणि पूर्ण घट्ट होण्याआधी छिन्नीने तासत. गवंडी भिंतीवर माल मारतो ना, थेट तसं. त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत, खडे उघडे पडलेले, लालसर. ज्या रस्त्यावरून हे कुटुंब चालतंय तोच रस्ता जणू उठून त्यांचं अंग झालाय. सकाळच्या तिरक्या उन्हात प्रत्येक खड्याची छोटी सावली पडते आणि आकृती थरथरल्यासारखी वाटते. दुपारी ऊन डोक्यावर आलं की त्याच आकृत्या जड, ठोकळेबाज दिसतात. गुळगुळीत केलेल्या ब्राँझमध्ये हे होणार नाही. इथे माल आणि आशय वेगळे काढताच येत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आतली सळई

आता माझ्या विषयाकडे. सिमेंटमध्ये पाणी मिसळलं की जी संयुगं तयार होतात त्यात एक असतं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना. त्यामुळे काँक्रीटच्या बारीक छिद्रांतलं पाणी खूप अल्कली असतं, पीएच १२.५ ते १३.५ च्या आसपास. अशा वातावरणात लोखंडावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा म्हणजे सळईचं चिलखत. तो आहे तोवर आत पाणी असलं, ऑक्सिजन असला, तरी सळई नाममात्रच गंजते.

चिलखत मोडायचे मुख्य मार्ग दोन. समुद्राजवळ असाल तर क्लोराइड, म्हणजे मीठ. शांतिनिकेतन समुद्रापासून लांब आहे, तेव्हा तिथे काळजी दुसऱ्या मार्गाची: हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो छिद्रांतून हळूहळू आत जातो, चुन्याशी संयोग पावतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बनतं. पीएच ९ च्या खाली घसरतो. ही सीमारेषा दरवर्षी थोडी आत सरकते. ज्या दिवशी ती सळईला टेकते त्या दिवशी चिलखत जातं. मग पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असतं. त्याला जागा हवी असते, ती तो वरचं काँक्रीट फोडून घेतो. जुन्या इमारतीच्या गॅलरीखाली सळई उघडी पडलेली दिसते, तिची गोष्ट ही.

सीमारेषा किती वेगाने सरकते? ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. समजा एखाद्या मध्यम दर्जाच्या काँक्रीटसाठी गुणांक ५ धरला (हा आकडा फक्त हिशेबासाठी, शांतिनिकेतनमधल्या मोजमापाचा नाही). मग २५ वर्षांत खोली ५ गुणिले ५, म्हणजे २५ मिलिमीटर. ८१ वर्षांत ५ गुणिले ९, म्हणजे ४५ मिलिमीटर. सुरुवातीला वेग जास्त, नंतर मंद.

आता ही गंमत बघा. आपल्या आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत, जोरदार पावसात आलटून-पालटून भिजणाऱ्या-सुकणाऱ्या काँक्रीटसाठी सळईवर किमान ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलंय. पुलाच्या खांबाला ते जमतं. पण टोपलीतल्या मुलाच्या हाताला चारी बाजूंनी साडेचार सेंटिमीटर कव्हर द्यायचं म्हटलं, तर हाताचा ओंडका होईल! म्हणजे अभियांत्रिकीच्या नियमाने हे शिल्प बनवणंच शक्य नव्हतं.

त्यात मुरूम सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा. माल हाताने फेकलेला, म्हणजे व्हायब्रेटर लावून घट्ट बसवलेला नाही, आत पोकळ्या राहणारच. हे सगळं विरोधात जातं. बाजूने जाणारी एक गोष्ट आहे. त्या काळचं सिमेंट साधारणपणे आजच्यापेक्षा जाडसर दळलेलं असायचं आणि सावकाश घट्ट होणाऱ्या घटकाचं प्रमाण त्यात जास्त असायचं. असं सिमेंट पाणी मिळेल तसं पुढे अनेक वर्षं मजबूत होत राहतं. आजच्या घाईच्या बांधकामांपेक्षा जुनी काँक्रीटं काही ठिकाणी बरी टिकलेली दिसतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

जिथे जीव, तिथेच जोखीम

हे डोक्यात ठेवून तिन्ही शिल्पं क्रमाने बघितली की एक वेगळाच आलेख दिसतो.

‘सुजाता’ १९३५ ची. युकॅलिप्टसच्या उंच झाडांमध्ये तशीच उंच, शिडशिडीत बाई. सांगतात ते असं, की आधी ही नुसतीच एक चालणारी मुलगी होती. डोक्यावर भांडं ठेव असं नंदलाल बोसांनी सुचवलं आणि ती बुद्धाकडे पायस घेऊन जाणारी सुजाता झाली. आकार एकसंध, खोडासारखा. बाहेर काही लटकत नाही, काही उडत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर हा सगळ्यात सुरक्षित आकार. सळई मध्यभागी, भोवती भरपूर माल.

तीन वर्षांनी ‘संथाळ कुटुंब’. इथे हात सुटे झाले, कावड आडवी बाहेर आली, टोपल्या लोंबायला लागल्या. जोखीम वाढली.

आणि १९५६ मध्ये ‘गिरणीचा भोंगा’, बंगालीत ‘कोलेर बांशी’. भोंगा झाला म्हणून दोन संथाळ बाया धावत सुटल्यात, मागे एक पोरगा. धुतलेली साडी वाळवायलाही थांबायला वेळ नाही, म्हणून ती धावता धावताच वाऱ्यावर वाळतेय. गिरणगावात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हा भोंगा वेगळा समजावून सांगायला नको. घड्याळाने माणसाच्या पायांवर ताबा मिळवल्याचा तो क्षण आहे. तरी या बायकांच्या धावण्यात नुसती धास्ती नाही, एक मस्तीही आहे. शिल्पकाराने बाजू घेतलेली नाही. कारखाना वाईट, गाव चांगलं, असलं सोपं भाषण इथे नाही, आणि म्हणूनच ते अजून जुनं वाटत नाही.

ती उडणारी साडी म्हणजे काँक्रीटची पातळ, बाहेर झुकलेली पाटी. वरून पाऊस, खालून दमट हवा, कव्हर जेमतेम. आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा, पहिली तडक कुठे जाईल, तो त्या साडीकडेच बोट दाखवेल. आणि कलेच्या जाणकाराला विचारा, शिल्पाचा प्राण कुठे आहे, तर तोही त्या साडीकडेच बोट दाखवेल. एकवीस वर्षांत रामकिंकर सुरक्षित खोडापासून उडणाऱ्या कापडापर्यंत आले. मालाची ताकद कळत गेली तसा त्यांनी मालाला जास्त ताण दिला. याला मी बेफिकिरी म्हणणार नाही. हा एका कारागिराने आपल्या मालाबरोबर वाढवलेला विश्वास आहे.

दगडातला यक्ष

मग त्यांना खराखुरा टिकाऊ माल मिळाला तेव्हा काय झालं? दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दाराशी यक्ष आणि यक्षी उभे आहेत, तेही रामकिंकरांचेच. १९५० च्या दशकात हाती आलेलं हे काम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुरं झालं. दगड हिमाचलातल्या बैजनाथ भागातला, शिवालिकचा वालुकाश्म. यक्षासाठी मथुरेच्या संग्रहालयातला परखमचा प्राचीन यक्ष समोर होता, यक्षीसाठी कोलकात्याच्या संग्रहालयातली यक्षी. यक्षाच्या एका हातात पैशाची थैली, दुसऱ्यात यंत्राचं चाक. बँक आणि उद्योग. यक्षीकडे शेती.

या शिल्पांत लोखंडी सळईवर मदार नाही. कार्बन डायऑक्साइडची सीमारेषा नाही. टिकाऊपणाच्या परीक्षेत यक्ष सहज पहिला येईल. पण माझ्या मते रामकिंकरांचं हे सगळ्यात बांधलेलं काम आहे. यक्षी तरी अंगाच्या वळणातून थोडी मोकळी होते, यक्ष मात्र बँकेच्या पायऱ्यांवर ड्यूटीला उभा केल्यासारखा दिसतो. कल्पना आधी ठरली, प्रतीकं हातात नंतर दिली. संथाळ बापाच्या खांद्यावरची कावड ही प्रतीक नाही, ती कावड आहे. यक्षाच्या हातातलं चाक हे फक्त प्रतीक आहे.

याचा अर्थ दगड वाईट आणि सिमेंट चांगलं असा नाही. अर्थ एवढाच, की जास्त टिकाऊ माल घेतला म्हणून कला जास्त टिकते असं नाही. वस्तू टिकणं आणि वस्तू लोकांच्या मनाला लागत राहणं, या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत.

आपल्याकडचं एक उदाहरण देते. विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजे नानासाहेब करमरकर. पुण्यातला त्यांचा अश्वारूढ शिवाजी १९२८ चा, एकसंध ओतलेलं ब्राँझ. अभिमानाची गोष्ट, आणि ब्राँझमुळे ती अजून कित्येक पिढ्या उभी राहील. पण अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरच्या संग्रहालयात गेलात, तर तिथे सिमेंटमध्ये केलेली कामंही दिसतात. गावातली माणसं, रोजच्या पाहण्यातलं जग. मागणीनुसार केलेल्या पुतळ्याला ब्राँझ मिळालं आणि स्वतःच्या ओढीने केलेल्या कामाच्या वाट्याला स्वस्त माल आला, ही विभागणी नुसती शिल्पकाराची नसते. कोणाच्या आठवणीवर समाज पैसे खर्च करतो, त्याचा तो हिशेब असतो. आणि सासवणे समुद्राकाठी, म्हणजे तिथे काळजी मिठाची.

छपरावरची चित्रं

‘फिकीर नव्हती’ या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आता घेऊ. ऋत्विक घटक यांनी १९७५ मध्ये रामकिंकरांवर माहितीपट करायला घेतला. तो त्यांच्या हयातीत पुरा झाला नाही. त्यात घराच्या गळक्या छपराचा विषय निघतो. शाकारायला पैसे नाहीत म्हणून आपली तैलचित्रं छपराला लावल्याचं रामकिंकर सांगतात. तैलरंगाचं कॅनव्हास पाणी अडवतं, हिशेब सरळ आहे.

हा प्रसंग लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. बघा, केवढा विरक्त कलाकार! मला त्यात विरक्ती कमी आणि गळकं छप्पर जास्त दिसतं. पद्मभूषण मिळालेला, पुढच्या पिढ्यांच्या शिल्पकारांना घडवणारा माणूस उतारवयात पावसापासून वाचायला स्वतःची चित्रं वापरतो, आणि आपण त्यातून ‘कलावंताचं तत्त्वज्ञान’ काढतो. ते तत्त्वज्ञान नव्हतं, ती टंचाई होती. हसत सांगितली म्हणून ती टंचाई व्हायची थांबत नाही.

हो, एक गोष्ट खरी आहे. केलेल्या कामाला कवटाळून बसणारा हा माणूस नव्हता. एक झालं की मागे न बघता पुढचं धरायचं, असं रवींद्रनाथांनी त्यांना सांगितल्याची आठवण ते सांगत असत. पण मागे वळून न बघणं हा काम करणाऱ्याचा धर्म झाला. बघणाऱ्यांचा, सांभाळणाऱ्यांचा धर्म तो नव्हे. बनवताना रामकिंकरांनी शक्य होतं तेवढं टिकाऊ बनवलं. तिथून पुढची जबाबदारी दुसऱ्यांची होती. त्यांचं मोकळेपण आपल्या दुर्लक्षाचा दाखला म्हणून वापरणं मला पटत नाही.

मग काय करायचं?

शांतिनिकेतन २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. त्यामुळे या शिल्पांचं काय करायचं, हा प्रश्न आता फक्त एका संस्थेच्या आवारातला राहिलेला नाही. पर्याय साधारण चार.

एक: ब्राँझमध्ये ओतून कायमचा प्रश्न मिटवायचा. साचा काढून ठेवावा, नोंद म्हणून त्याला किंमत आहे. पण ब्राँझची प्रत मूळ शिल्पाच्या जागी उभी करू नये. वर म्हटलं तसं, इथे मुरूम हाच अर्थ आहे. मजूर कुटुंबाला गावातल्या मातीतून काढून राजांच्या धातूत घातलं, तर वाक्यच बदलेल.

दोन: तडा गेला की आजचं दणकट सिमेंट भरायचं. हा मोह सगळ्यात धोकादायक. नवा भाग जुन्यापेक्षा खूप ताठर आणि घट्ट असला, की ऊन-पावसातलं त्याचं आकुंचन-प्रसरण वेगळं होतं, आणि नवी तडक नेमकी जुन्या मालात जाते. दुरुस्तीचा माल जुन्याइतकाच मऊ, तितकाच श्वास घेणारा आणि त्याच लाल मुरमाचा हवा.

तीन: छप्पर. ‘संथाळ कुटुंबा’च्या अलीकडच्या फोटोंत वर छप्पर दिसतं. त्याविरुद्ध ओरड करणं सोपं आहे, आणि दृश्य म्हणून मलाही ते खटकतं. तिरक्या उन्हाचा खेळ कमी झाला, आकाश गेलं. पण रसायनशास्त्र छपराच्या बाजूने आहे. कार्बन डायऑक्साइड छपराने अडत नाही, तरीही सीमारेषा एकदा सळईपर्यंत पोचली की गंजाचा वेग ठरतो पाण्यावर. पाऊस तोडला की वेग घटतो. शिवाय छप्पर उद्या काढता येतं. चुकीची दुरुस्ती काढता येत नाही. तेव्हा मी छपराच्या बाजूने आहे, फक्त ते जास्त उंच, जास्त पारदर्शक, ऊन आत येऊ देणारं असावं.

चार: मोजत राहणं. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं. सळई कुठे किती खोल आहे हे कव्हर मीटरने वरूनच कळतं. गंज चालू आहे का, हे तांबं-मोरचूद इलेक्ट्रोडने विद्युतदाब मोजून ताडता येतं. नेहमीचा निकष असा, की दाब उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर गंजाची शक्यता ९० टक्के. पण हे निकष आले पुलांच्या स्लॅबवरून. पातळ, सच्छिद्र, मुरमाच्या शिल्पाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. शिवाय मोजायला मीटरची एक तार सळईला जोडावी लागते, म्हणजे सळई कुठेतरी उघडी हवी. शिल्पावर भोक पाडणं हा पर्यायच नाही. जिथे आधीच तडकून सळई दिसतेय तीच जागा वापरायची. फिनॉल्फ्थॅलिनची साधी चाचणी, जिच्यात चांगलं काँक्रीट गुलाबी होतं आणि चुना संपलेलं रंगहीन राहतं, तिलाही ताजा तुटलेला तुकडा लागतो. म्हणून आपोआप गळून पडलेला तुकडा झाडून टाकू नये. जागा आणि तारीख लिहून जपून ठेवावा. तो कचरा नाही, तो अहवाल आहे.

पुलासाठी आम्ही ‘सेवाकाल’ हा शब्द वापरतो. अमुक वर्षं झाली की पाडा आणि नवा बांधा. ‘गिरणीच्या भोंग्या’तल्या त्या साडीला असा सेवाकाल लावता येत नाही, आणि तिला अमरही करता येत नाही. मधला एकच रस्ता उरतो: दरवर्षी कोणीतरी जाऊन बघायचं, लिहून ठेवायचं, लागेल तेवढंच आणि लागेल तिथेच हात लावायचा. जुन्या मातीच्या घरांत बायका दर काही दिवसांनी भिंती-जमीन सारवत असत. घर टिकायचं ते त्या सारवण्यामुळे, मातीच्या ताकदीमुळे नव्हे. रामकिंकरांनी आपल्याकडे पक्कं घर सोपवलेलं नाही, असं सारवावं लागणारं घर सोपवलंय.

पुढच्या लेखात फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी नेमकी कशी करतात आणि तिचे निकाल कुठे फसवतात ते बघू. तुमच्या गावात सिमेंटचं जुनं शिल्प असेल, शाळेच्या आवारात, देवळापुढे, चौकात, तर त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, तारीख टाका आणि पुढच्या वर्षी त्याच जागांवरून पुन्हा काढा. तडा वाढलाय की नाही, हे सांगायला पीएचडी लागत नाही.